टेबल यादीत दिसतं, क्वेरीला सापडत नाही: कॅपिटल-स्मॉल अक्षरं आणि अवतरणचिन्हांचा घोळ

लक्षण ठरलेलं आहे. टेबलांच्या यादीत 'ग्राहक' दिसतं, उघडलं तर आत ओळीही आहेत, पण प्रोग्राममधून क्वेरी गेली की डेटाबेस सांगतो, असं टेबलच नाही. मायएसक्यूएलमध्ये हा एरर ११४६, पोस्टग्रेसमध्ये ४२पी०१, ओरॅकलमध्ये ओआरए-००९४२, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०८. मग कोणी युजरला सगळे अधिकार देऊन पाहतं, कोणी बॅकअप पुन्हा चढवतं, कोणी क्वेरीत दिसेल तिथे अवतरणचिन्हं टाकत सुटतं. पहिल्या दोन उपायांनी काही होत नाही. तिसऱ्याने कधी कधी एरर जातो, पण मग त्या टेबलाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ती चिन्हं कायमची सांभाळत बसावी लागतात.

इंदूरमध्ये सियागंजातल्या किराणा पेढीचं बिलिंग असो, क्लॉथ मार्केटमधली उधारी असो की गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीचं रजिस्टर, असं काम पुष्कळदा विंडोजच्या लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (वेब सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र देणारं पॅकेज) उभं राहतं आणि शेवटी भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर जातं. घोळ नेमका या उडीत होतो. दुसरी नेहमीची उडी म्हणजे मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर. दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे, म्हणून आपण कोणत्या उडीत अडकलो आहोत हे आधी ठरवा.

उदाहरणांतली टेबलांची नावं रोमन अक्षरांत साठवलेली आहेत असं धरा. पहिलं अक्षर मोठं असेल तिथे 'कॅपिटल ग्राहक' म्हटलं आहे, सगळी अक्षरं लहान असतील तिथे 'स्मॉल ग्राहक'.

शोधलेलं नाव आणि साठवलेलं नाव

अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं नाव डेटाबेस आहे तसं शोधत नाही. आधी ते एका ठरलेल्या रूपात बदलतो, मग शोधतो. एसक्यूएलच्या प्रमाणानुसार ते सगळं कॅपिटल व्हायला हवं. ओरॅकल, डीबी२, फायरबर्ड आणि स्नोफ्लेक तसं करतात. पोस्टग्रेस उलट करतं, सगळं स्मॉल. दुहेरी अवतरणात लिहिलेल्या नावाला मात्र यांपैकी कोणीच हात लावत नाही.

म्हणजे पोस्टग्रेसमध्ये टेबल बनवताना कॅपिटल ग्राहक अवतरणात गेलं, तर ते कॅपिटलसकट साठवलं गेलं. पुढे क्वेरीत अवतरणाशिवाय कॅपिटल ग्राहक लिहिलं तरी त्याचं आधी स्मॉल ग्राहक होतं आणि शोध रिकामा परततो. अक्षरं तुम्ही बरोबर टाइप केली होती, पण शोध दुसऱ्याच नावाचा झाला.

बहुतेक वेळा ही अवतरणं कोणी हाताने टाकलेली नसतात. पीजीअ‍ॅडमिन या पोस्टग्रेस हाताळायच्या साधनाच्या फॉर्ममध्ये नावाच्या चौकटीत कॅपिटल अक्षर टाइप केलं की ते आपणहून अवतरणात नाव घालतं. प्रिस्मा, एंटिटी फ्रेमवर्क, सिक्वेलाइझ ही कोडमधून टेबलं बनवणारी साधनंही तेच करतात. पांडाज या पायथन लायब्ररीतून एक्सेलची शीट सरळ पोस्टग्रेसमध्ये ओतली, तर 'बिल नं.' हा मथळा मधल्या स्पेससकट आणि टिंबासकट कॉलमचं नाव होऊन बसतो.

म्हणून पहिलं काम एकच: एररमधलं नाव आणि कॅटलॉगमधलं, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या यादीतलं, नाव शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. पोस्टग्रेसचा एरर इथे फार उपयोगी आहे, कारण त्यात बदललेलं नाव छापलेलं असतं. तुम्ही कॅपिटल लिहिलं आणि एररमध्ये स्मॉल दिसतंय, तर निदान तिथेच झालं. एररमधलं नाव आणि यादीतलं नाव तंतोतंत सारखं असेल, तर दोष अक्षरांचा नाही. तेव्हा करंट_डेटाबेस() चालवून जोडणी भलत्याच डेटाबेसला तर नाही ना ते पाहा, मग शो सर्च_पाथ चालवून स्कीमा, म्हणजे टेबलं ठेवलेला कप्पा, तपासा. चाचणीच्या डेटाबेसला जोडलेलं असणं हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. अधिकार नसल्याचा एरर पोस्टग्रेसमध्ये वेगळा, ४२५०१, आणि मायएसक्यूएलमध्ये ११४२ असतो, त्यामुळे तिथे गल्लत होत नाही. ओरॅकलमध्ये मात्र अधिकार नसले तरी ९४२च येतो, म्हणून तिथे अधिकारही तपासावेच लागतात.

कॅटलॉगमध्ये शोधताना एक गोष्ट विसरू नका. तिथे टेबलाचं नाव हा साधा मजकूर असतो आणि मजकुराचं रूप बदलत नाही. ओरॅकलच्या युजर_टेबल्समध्ये 'स्मॉल ग्राहक' शोधलं तर शून्य ओळी येतात, कारण तिथे नाव सगळं कॅपिटलमध्ये आहे. दोन्ही बाजूंना लोअर() लावून शोधा. शिवाय नावाच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस जोडून छापा. एक्सेलमधून आलेल्या नावाच्या शेवटी चिकटलेली स्पेस एरवी दिसत नाही, कंस लागला की लगेच दिसते.

विंडोजवरून लिनक्सवर: मायएसक्यूएल

मायएसक्यूएलची रीत वेगळी आहे. इथे टेबलाच्या नावाचं वागणं लोअर_केस_टेबल_नेम्स या सेटिंगवर चालतं आणि तिची मूळ किंमत ऑपरेटिंग सिस्टिमनुसार बदलते. विंडोजवर १: नाव स्मॉल करून साठवलं जातं, तुलनेत कॅपिटल-स्मॉलचा फरक धरत नाहीत. लिनक्सवर ०: दिलं तसं साठवलं जातं आणि फरक धरला जातो. मॅकवर २: दिलं तसं साठवतात, तुलना मात्र स्मॉल करून.

आता लॅपटॉपवर काय होतं पाहा. टेबल बनवताना तुम्ही कॅपिटल ग्राहक लिहिलंत, विंडोजने स्मॉल ग्राहक साठवलं. पीएचपीच्या कोडमध्ये सगळीकडे कॅपिटल आहे, पण तुलनेत फरक धरत नसल्यामुळे काहीच अडलं नाही. डंप, म्हणजे डेटाबेसची एसक्यूएल आदेशांच्या फाइलमधली प्रत, काढला तर त्यात नावं स्मॉल. लिनक्सवर तो डंप चढवला, टेबलं स्मॉल नावांनी तयार झाली, कोड कॅपिटल मागतोय: ११४६. बॅकअप दहादा चढवला तरी हेच होणार.

बॅकटिक (`) लावून हा एरर जात नाही, हे ठळकपणे सांगायला हवं. मायएसक्यूएलमध्ये बॅकटिकचं काम राखीव शब्द (एसक्यूएलने स्वतःसाठी ठेवलेले) आणि विचित्र चिन्हं सांभाळणं एवढंच आहे. कॅपिटल-स्मॉलवर त्याचा काही परिणाम होत नाही.

योग्य उपाय म्हणजे कोडमधली नावं स्मॉल करणं. हे हाताने शोधत बसू नका. इन्फर्मेशन_स्कीमामधून टेबलांची नावं एका फाइलमध्ये काढा, ओळीला एक नाव. मग कोडच्या फोल्डरवर ग्रेप ही मजकूर शोधणारी कमांड चालवा आणि त्याला आर, एच, ओ, आय, डब्ल्यू, कॅपिटल एफ हे पर्याय देऊन शेवटी स्मॉल एफ आणि ती फाइल द्या. आर सगळी उपफोल्डरं घेतो, आय अक्षरांचा फरक न धरता शोधतो, डब्ल्यू अख्खाच शब्द जुळवतो, आणि ओ फक्त सापडलेला शब्द छापतो. आउटपुट सॉर्ट आणि युनिक-सी मधून काढलं की प्रत्येक नाव कोडमध्ये किती रूपांत आणि किती वेळा आलंय ते समोर येतं. एकाच टेबलाची तीन-तीन रूपं निघणं अजिबात दुर्मीळ नाही. एच काढून एन घातला की फाइल आणि ओळ क्रमांकही मिळतात.

कोडला हात लावता येत नसेल, म्हणजे जुनं विकतचं सॉफ्टवेअर असेल, तर सर्व्हरवर ती सेटिंग १ करावी लागते. इथे आवृत्तीचा प्रश्न येतो. मायएसक्यूएल ८.० पासून ही किंमत फक्त डेटा डिरेक्टरी पहिल्यांदा तयार होताना ठरते. नंतर कॉन्फिग फाइलमध्ये ओळ टाकून रीस्टार्ट केलं तर सर्व्हर उठतच नाही. लॉगमध्ये सर्व्हरची किंमत १ आणि डेटा डिक्शनरीची ० अशी तक्रार दिसते. उबुंटूवर पॅकेज टाकतानाच डेटा डिरेक्टरी तयार होते, त्यामुळे 'आत्ताच तर इन्स्टॉल केलंय' हेही उशिराचंच असतं. घाबरून काही डिलीट करू नका. ओळ काढली की सर्व्हर पूर्वीसारखा सुरू होतो.

रीतसर क्रम असा. मायएसक्यूएलडंपने फक्त आपल्या डेटाबेसांचा डंप काढा, त्यात रूटीन्स, ट्रिगर्स आणि इव्हेंट्सचे पर्याय द्या; 'मायएसक्यूएल' हा सिस्टिम डेटाबेस घेऊ नका, युजर नंतर हाताने बनवा. सर्व्हर थांबवा. जुनी डेटा डिरेक्टरी पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा. त्याच जागी रिकामी डिरेक्टरी करा, मालक मायएसक्यूएल युजर, परवानगी ७५०. कॉन्फिगच्या मायएसक्यूएलडी विभागात किंमत १ लिहा, मग इनिशियलाइझ चालवा. रूटचा तात्पुरता पासवर्ड एरर लॉगमध्ये मिळतो. सर्व्हर सुरू करा, पासवर्ड बदला, डंप चढवा. त्याआधी डंपमध्ये फक्त कॅपिटल-स्मॉलच्या फरकाने वेगळी असलेली दोन टेबलं नाहीत याची खात्री करा. नवीन व्यवस्थेत ती एकच नाव होतात, आणि मायएसक्यूएलडंप प्रत्येक टेबलाआधी 'असेल तर ड्रॉप करा' ही ओळ टाकत असल्यामुळे दुसरं टेबल पहिल्याला गिळून टाकतं. एररसुद्धा येत नाही.

डॉकरमध्ये हीच सेटिंग कमांडबरोबर द्यायची, पण व्हॉल्यूम रिकामा असताना, पहिल्याच वेळी. झॅम्पमध्ये आजकाल मारियाडीबी, मायएसक्यूएलचाच फाटा, असतं. त्यात हे कुलूप नाही, कॉन्फिग बदलून रीस्टार्ट चालतं. मात्र आधीची कॅपिटल नावांची टेबलं स्मॉल करून घ्यावी लागतात, नाहीतर ती सापडेनाशी होतात. आणि लिनक्सची नक्कल करायची म्हणून विंडोजवर ० करू नका. लॅपटॉपवरच डब्ल्यूएसएल (विंडोजमधलं लिनक्स) किंवा डॉकरमध्ये लिनक्सचा मायएसक्यूएल चालवा. चढवण्याच्या दिवशी दिसणारा ११४६ मग पहिल्या दिवशीच दिसतो, आणि या सगळ्या प्रकरणात आमच्या मते सर्वांत मोलाचा बदल हाच आहे.

एक बारीक गोष्ट राहते. मायएसक्यूएलमध्ये कॉलमच्या नावांत कुठल्याच सिस्टिमवर हा फरक धरत नाहीत. पण टेबलाला दिलेल्या टोपणनावात लिनक्सवर धरतात. फ्रॉममध्ये स्मॉल जी असं टोपणनाव आणि सिलेक्टमध्ये कॅपिटल जी डॉट नाव, असं झालं की १०५४, म्हणजे कॉलम सापडत नसल्याचा एरर येतो आणि लोक कॉलम शोधत बसतात.

पोस्टग्रेसमधली कॅपिटल नावं कशी काढायची

पोस्टग्रेसमध्ये कॅपिटल नावं आधीच पडली असतील तर दोन वाटा आहेत: प्रत्येक क्वेरीत अवतरण, किंवा एकदाच नावं बदलणं. आमचं मत स्पष्ट आहे. नावं बदला. अवतरणाची वाट रिपोर्टच्या प्रत्येक क्वेरीत, प्रत्येक स्क्रिप्टमध्ये आणि प्रत्येक नव्या माणसाला पुन्हा पुन्हा अडवते. शिवाय जावा किंवा पीएचपीच्या दुहेरी अवतरणातल्या मजकुरात आणखी दुहेरी अवतरण म्हणजे जागोजागी बॅकस्लॅश.

आधी व्याप पाहा. पीजी_क्लास या कॅटलॉगमधून अशी नावं काढा, जी आपल्याच लोअर() रूपाशी जुळत नाहीत. कॉलमांसाठी पीजी_अ‍ॅट्रिब्यूट पाहा, त्यात क्रमांक ० पेक्षा मोठे आणि ड्रॉप न झालेले कॉलम घ्या. क्वोट_आयडेंट(नाव) हे मूळ नावापेक्षा वेगळं येतं का, अशी तुलना केली तर स्पेस असलेली आणि राखीव शब्दांशी जुळणारी नावंही त्याच झटक्यात सापडतात.

मग टक्कर तपासा: लोअर() करून ग्रुप बाय, आणि एकापेक्षा जास्त संख्या. कॅपिटल ग्राहक आणि स्मॉल ग्राहक दोन्ही टेबलं असतील, तर एक जुनं, अर्धवट मायग्रेशनमधलं असण्याची शक्यता मोठी. कुठल्यात ओळी ताज्या आहेत ते पाहूनच निर्णय घ्या.

उंटाच्या पाठीसारखी नावं, म्हणजे स्मॉल बिल आणि लगेच कॅपिटल एनचा नंबर, नुसती स्मॉल केली तर शब्द एकमेकांत अडकतात. रेजेक्सप_रिप्लेसने स्मॉल अक्षरानंतर कॅपिटल आलं की मध्ये अंडरस्कोर घाला, मग लोअर करा. आदेश हाताने लिहू नका. फॉर्मॅट() मध्ये टक्के-कॅपिटल-आय वापरून 'ऑल्टर टेबल... रिनेम टू ...' अशा ओळी बनवा आणि पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड लाइनमध्ये बॅकस्लॅश-जीएक्झेकने चालवा. सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा. पोस्टग्रेसमध्ये नाव बदलणंही रोलबॅक होतं, म्हणजे मागे घेता येतं, ही मोठी सोय आहे. मायएसक्यूएलमध्ये ती नाही. नाव बदलायला टेबलावर पूर्ण कुलूप लागतं, पण क्षणभरच. तरी कोणाची लांबलेली क्वेरी चालू असेल तर तुमचा आदेश तिच्यामागे थांबतो आणि बाकी सगळे तुमच्यामागे. म्हणून लॉक_टाइमआउट ५ सेकंद ठेवा. जमलं नाही तर आदेश मागे येतो, रांग लागत नाही. मार्चअखेर आणि दिवाळीच्या तोंडावर, पेढ्यांवर बिलांची गर्दी असताना, हे काम काढू नका.

सगळा कोड एका दिवसात बदलता येत नसेल तर जुन्या नावाने व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) बनवा: अवतरणात कॅपिटल ग्राहक, मागे स्मॉल ग्राहक. साध्या व्ह्यूमधून इन्सर्ट, अपडेट, डिलीटही चालतात, त्यामुळे जुना प्रोग्राम तसाच चालतो. कॉलमांचीही नावं बदलली असतील तर व्ह्यूमध्ये त्यांना जुनी नावं द्या. तारांकन वापरलं तर लक्षात असू द्या, कॉलमांची यादी व्ह्यू बनवतानाच गोठते; नंतर टेबलात वाढवलेला कॉलम त्यात येत नाही.

नाव बदलल्यावर काय टिकतं आणि काय मोडतं? पोस्टग्रेसचे व्ह्यू, फॉरेन की आणि कॉलमाचा डिफॉल्ट आतल्या ओळख-क्रमांकाने जोडलेले असतात, म्हणून टिकतात. पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेतल्या फंक्शनचा मजकूर मात्र मजकूरच असतो. तो आपोआप बदलत नाही आणि फंक्शन पहिल्यांदा चालेपर्यंत बोलतही नाही. पीजी_प्रॉक या फंक्शनांच्या कॅटलॉगमधल्या मजकुरात दुहेरी अवतरणामागे कॅपिटल अक्षर असलेल्या जागा शोधून आधीच दुरुस्त करा. मायएसक्यूएलमध्ये व्ह्यूसुद्धा नावाने जोडलेले असतात, तिथे टेबलाचं नाव बदललं की व्ह्यू १३५६ देतो.

सगळ्यांत जास्त वेळ खाणारी जागा म्हणजे मजकुराच्या आतलं नाव. नेक्स्टव्हॅल() ला सिक्वेन्सचं, म्हणजे पुढचा क्रमांक देणाऱ्या गणकाचं, नाव एकेरी अवतरणात देतो, त्यामुळे ते सुरक्षित आहे असं वाटतं. तसं नाही. आतल्या नावालाही तोच नियम लागतो आणि कॅपिटल असेल तर स्मॉल होतं. टिकवायचं असेल तर एकेरीच्या आत पुन्हा दुहेरी अवतरण लागतं. मजकूर रेगक्लास या प्रकारात बदलताना हेच. पीजी_डंपला एकाच टेबलाचं नाव देतानाही हेच, आणि तिथे वरून शेलचीही अवतरणं येतात: बाहेर एकेरी, आत दुहेरी. उलट क्रिएटडीबी आणि क्रिएटयुजर ही कमांड लाइनची साधनं नाव आहे तसं ठेवतात. क्रिएटडीबीने कॅपिटल डीचं 'दुकान' केलं तर ते कॅपिटल डीचंच राहतं. एसक्यूएलमधून अवतरणाशिवाय केलं तर स्मॉल होतं. आणि जोडणीच्या पत्त्यातलं डेटाबेसचं नाव कधीच बदलत नाही. म्हणून 'क्रिएट डेटाबेस' यशस्वी होऊनही लगेच पुढच्या ओळीला डेटाबेस नाही असं ऐकावं लागतं.

साधनांची सेटिंग बदलली नाही तर कॅपिटल नावं पुन्हा येतील. एंटिटी फ्रेमवर्कमध्ये स्नेक-केसची (स्मॉल अक्षरं आणि अंडरस्कोर) नामपद्धत लावा, प्रिस्मामध्ये मॅप वापरा. स्प्रिंग बूट उलट्या बाजूने फसवतो: एंटिटीवर टेबलाचं नाव तुम्ही स्वतः लिहिलंत तरी त्याची मूळची नामपद्धत त्याचं स्मॉल आणि अंडरस्कोर करते, त्यामुळे जुन्या कॅपिटल टेबलाशी जोडताना ती पद्धत बदलावी लागते. पांडाजमध्ये टू_एसक्यूएल आधी कॉलमांची नावं स्ट्रिप, लोअर, आणि स्पेसच्या जागी अंडरस्कोर अशी करून घ्या. मायएसक्यूएलवरून येताना पीजीलोडर (डेटा हलवणारं साधन) नावं आपणहून स्मॉल करतो. क्वोट आयडेंटिफायर्सचा पर्याय कोणी उत्साहाने चालू करू नये.

एरर न देणाऱ्या चुका

एरर आला तर निदान कळतं तरी. खरी भीती गप्प चुकांची.

मायएसक्यूएलमध्ये दुहेरी अवतरण म्हणजे नाव नव्हे, मजकूर. पोस्टग्रेससाठी लिहिलेली क्वेरी तिथे नेली आणि त्यात अवतरणातला 'शहर' कॉलम 'इंदूर' बरोबर ताडलेला असेल, तर तिथे 'शहर' हा शब्द 'इंदूर' या शब्दाशी ताडला जातो. ते कधीच सारखे नसतात, म्हणून शून्य ओळी, एरर नाही. हे निभावतं. पण डिलीटमध्ये 'स्थिती ही चुकते नसेल' अशी अट असेल आणि स्थिती अवतरणात असेल, तर अट प्रत्येक ओळीला खरी ठरते आणि अख्खं टेबल रिकामं होतं. क्वेरी एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर नेताना प्रत्येक दुहेरी अवतरण तपासा, आणि डिलीटच्या आधी तीच अट लावून काउंट पाहा. एएनएसआय_क्वोट्स हा मोड दुहेरी अवतरणाला नावाचा अर्थ देतो, पण तो त्या जोडणीपुरता लावा; सगळ्या सर्व्हरवर लावला तर दुहेरी अवतरणात मजकूर लिहिणारा जुना कोड मोडेल.

एसक्यूएलाइट जुन्या सवयीने तसंच वागतो: दुहेरी अवतरणातलं नाव कॉलम म्हणून सापडलं नाही की ते मजकूर मानतो. कॉलमच्या नावात स्पेलिंगची चूक झाली तरी क्वेरी चालते आणि चुकीचं उत्तर देते. आवृत्ती ३.२९ पासून ही सवय बंद करता येते. नव्या कामात बंदच करा.

पोस्टग्रेसमध्ये टेबलाचं नाव 'युजर' ठेवलं आणि अवतरणाशिवाय 'सिलेक्ट स्टार फ्रॉम युजर' चालवलं तर एक ओळ येते, पण ती टेबलातली नसते. जोडलेल्या डेटाबेस-युजरचं नाव असतं ते. लॉगिन तपासणाऱ्या कोडमध्ये हे फार महागात पडेल. टेबलाचं नाव अनेकवचनी किंवा वेगळंच ठेवा. राखीव शब्दांची यादीही आवृत्तीगणिक वाढते: मायएसक्यूएल ८.० मध्ये रँक, ग्रुप्स, सिस्टिम हे राखीव झाले, त्यामुळे ५.७ वर नीट चालणारी, रँक नावाचा कॉलम असलेली क्वेरी अपग्रेडनंतर १०६४ देते. इथे बॅकटिक हा बरोबर उपाय आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डच्या फाइलमधून चिकटवलेल्या क्वेरीत सरळ अवतरणांच्या जागी वळणदार अवतरणं आलेली असतात. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल त्यांना अवतरण मानतच नाहीत. ती नावाचाच भाग होतात. एररमध्ये नावाभोवती दोन थर अवतरणं दिसली, बाहेर सरळ आणि आत वळणदार, तर हेच झालंय. क्वेरी पाठवायची तर टेक्स्ट फाइल जोडून पाठवा.

एसक्यूएल सर्व्हरचं थोडक्यात: तिथे सगळं डेटाबेसच्या कोलेशनवर, म्हणजे मजकूर ताडण्याच्या नियमांवर, आहे. कोलेशनच्या नावात सीआय असेल तर फरक धरत नाहीत, सीएस असेल तर धरतात. एका ठिकाणी चालणारा प्रोग्राम दुसरीकडे २०८ देऊ लागला तर आधी दोन्हीकडचं कोलेशन ताडा. चौकोनी कंसांनी इथेही कॅपिटल-स्मॉलचा प्रश्न सुटत नाही.

नावं देवनागरीत ठेवली तर?

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, मग सगळा त्रासच टळेल, असा विचार मंडळाचं रजिस्टर बनवणाऱ्याच्या मनात येतोच. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही देवनागरी नावं अवतरणाशिवाय घेतात. पण दोन अडचणी आहेत.

पहिली लांबीची. पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइट आहे आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा आणि हलंतसुद्धा, ३ बाइट घेतं. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. 'गणेशोत्सव_वर्गणी_पावती' या नावात २० देवनागरी चिन्हं आणि २ अंडरस्कोर आहेत, म्हणजे ६२ बाइट. पुढे '_२०२४' लावलं की अंडरस्कोरपाशी ६३ पूर्ण होतात आणि साल कापलं जातं. पोस्टग्रेस फक्त सूचना देतं, एरर देत नाही. पुढच्या वर्षी '_२०२५' चं टेबल करायला गेलं की तेही त्याच जागी कापलं जातं आणि ४२पी०७ येतो, असं टेबल आधीच आहे. त्याहून वाईट म्हणजे स्क्रिप्टमध्ये 'नसेल तरच बनव' असं लिहिलेलं असेल, तर दोन्ही वर्षांच्या पावत्या एकाच टेबलात जमा होतात. मायएसक्यूएलची मर्यादा ६४ अक्षरांची आहे, बाइटची नाही, म्हणून तिथे हे होत नाही.

दुसरी अडचण 'ऱ्य'ची. 'व्यापाऱ्यांची_खाती' हे नाव एका कीबोर्डवर ऱ, हलंत, य असं उमटतं, तर दुसऱ्यावर र, हलंत, न दिसणारं जोडचिन्ह, य असं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पोस्टग्रेस नावाची तुलना बाइट न् बाइट करतं, म्हणून ही दोन वेगळी टेबलं आहेत. ऑक्टेट_लेंग्थ() लावून पाहा: दुसऱ्या रूपात ३ बाइट जास्त येतात. काही ठिकाणी ऱ ऐवजी र आणि नुक्ता असंही साठवलेलं असतं. पोस्टग्रेस १३ पासूनचं नॉर्मलाइझ() ते एकत्र आणतं, पण न दिसणारं जोडचिन्ह काढत नाही. ते रिप्लेसने स्वतः काढावं लागतं.

म्हणून टेबल आणि कॉलमांची नावं रोमन स्मॉल अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढ्यांतच ठेवा, सुरुवात अक्षराने करा, राखीव शब्द टाळा. मराठी नाव हवंच असेल तर ते 'कमेंट ऑन टेबल' आणि 'कमेंट ऑन कॉलम' मध्ये लिहा. तिथे ही ६३ बाइटची अट नाही, पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश-डी-प्लसने ते दिसतं, आणि 'व्यापाऱ्यांची' कसंही टाइप केलं तरी कुठली क्वेरी त्यावर अवलंबून नसते.